‘नंतर’वाल्यांसाठी बेतिता मार्तीनेस

मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला पाठ आहे. माल्कम एक्स पाठ आहे. ब्लॅक पँथर तर आपल्या नावातच येऊन बसलाय. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडच्या काळ्या पोरांनी पक्ष काढला, १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी त्यावरून दलित पँथर काढली. सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं दुखणं आपल्या अंगात दुखलं, ह्याचा मला अभिमान आहे. पण अमेरिका म्हटली की आपल्याला दोनच रंग दिसतात, काळा न् गोरा. आणि काळ्यातसुद्धा दिसतात ते सगळे बाप्येच. मूठ वळलेले, चामड्याचे कोट घातलेले. भिंतीवर लावायला झ्याक.

आता मी विचारते, बेतिता मार्तीनेस कोण? हात वर करा. नाही ना एकही? म्हणून हा लेख.

ही श्रद्धांजली नव्हे. बाई २९ जून २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वारली, पंचाण्णव वर्षं जगून. हारतुरे तेव्हाच वाहून झाले. मला तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचंय, आपल्या दोन जुन्या दुखण्यांविरुद्ध. पहिलं दुखणं: ‘आधी मुक्ती, बायकांचं नंतर.’ दुसरं दुखणं: ‘आमच्याइतकं कुणी सोसलेलंच नाही.’ ही दोन वाक्यं म्हणणारे आपल्यात रग्गड आहेत. त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, न् मग शिव्या द्याव्यात.

आधी ती कुठली, ते सांगते. अमेरिकेनं १८४६ ते १८४८ मेक्सिकोशी लढाई केली न् त्या देशाचा जवळजवळ अर्धा मुलूख गिळला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोना हा सगळा पट्टा त्यातला. तिथली माणसं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. फेब्रुवारी १८४८ च्या तहात अमेरिकेनं कबूल केलं की तुमच्या जमिनी तुमच्याच राहतील. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. इंग्रजी कागद, गोरे वकील, गोरी कोर्टं. गावकीची कुरणं गेली, जंगलं सरकारजमा झाली, मालक होता तो मजूर झाला. ह्यांची, आणि मागून पोटासाठी मेक्सिकोतून आलेल्यांची पोरं १९६० च्या दशकात उठली, तेव्हा त्यांनी स्वतःला चिकानो म्हणवलं. हा शब्द त्याआधी हिणवायला वापरत. पोरांनी तोच उचलला न् झेंड्यावर चढवला. बाईसाठी शब्द झाला चिकाना.

एलिझाबेथ मार्तीनेस, म्हणजे बेतिता, १९२५ साली वॉशिंग्टनला जन्मली. बाप मेक्सिकोचा, सावळा. आई गोरी अमेरिकन. बाप आधी मेक्सिकोच्या वकिलातीत कारकून, नंतर स्पॅनिश साहित्याचा प्राध्यापक. घर गोऱ्यांच्या वस्तीत. बसमध्ये बापाबरोबर मागच्या बाजूला बसावं लागायचं, आणि शेजारची पोरगी खेळायला येत नव्हती कारण तिच्या घरच्यांनी ‘मेक्सिकन’ पोरीशी खेळायला बंदी केली होती, असं तिनं पुढे सांगितलं. १९४६ साली ती स्वार्थमोर कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडली. संयुक्त राष्ट्रांत वसाहतींच्या प्रश्नावर संशोधन केलं. मग न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशनात संपादक, मग ‘द नेशन’ साप्ताहिकात पुस्तकं न् कला ह्या विभागाची संपादक. ह्या सगळ्या काळात ती नाव लावायची एलिझाबेथ सदरलँड. सदरलँड हे आईकडचं. गोरं नाव, गोरी खुर्ची, गोरी माणसं आजूबाजूला.

इथं आपले काही कडवे लगेच ओठ मुरडतील. मला ऐकू येतंय: ‘म्हणजे ती आपल्यातली नव्हेच. शिकलेली, नोकरीवाली, अर्धी गोरी.’ थांबा जरा. रक्ताचा दाखला मागायची ही सवय तुम्हाला कुणी लावली? ती सवय ज्यांची, त्यांच्याशीच तर आपलं भांडण आहे! नाव बदलून सुखात जगता येत होतं. आडनाव झाकून सोसायटीत फ्लॅट घेऊन राहणारे आपल्यात कमी नाहीत. बेतितानं उलटा रस्ता धरला. सदरलँड मागं टाकलं न् मार्तीनेस पुढं केलं. पण नुसतं नाव बदलून कुणी क्रांतिकारक होत नाही, म्हणून तिनं काम काय केलं तेच बघू.

१९६० साली काळ्या विद्यार्थ्यांनी एक संघटना उभी केली, तिला स्निक म्हणायचे. उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसणारी, मार खाणारी, मिसिसिपीच्या खेड्यात जाऊन काळ्यांची मतदार म्हणून नोंदणी करणारी ती पोरं. बेतिता त्यांच्या न्यूयॉर्क कचेरीची प्रमुख झाली. संघटनेचं पूर्णवेळ काम करणाऱ्यांत मेक्सिकन वंशाच्या अशा दोघीच, ती आणि मारिया व्हारेला. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत गेले. सुरुवातीलाच जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन न् मायकेल श्वर्नर ह्या तिघांचे खून पडले. तरी पोरं तिथं राहिली, आणि रात्री घरी पत्रं लिहीत राहिली. ती पत्रं बेतितानं गोळा केली, निवडली, लावली, आणि १९६५ साली ‘लेटर्स फ्रॉम मिसिसिपी’ नावानं पुस्तक काढलं. प्रकाशनाच्या खुर्चीत शिकलेला धंदा तिनं चळवळीला आणून दिला.

पुढं स्निकनं ठरवलं की काळ्यांची संघटना काळेच चालवतील, गोऱ्यांनी गोऱ्यांत जाऊन काम करावं. बरोबरच होतं. पण मग हिनं कुठं जायचं? ती काळी नाही, गोरी नाही. १९६७ मध्ये तिनं ह्यावर एक टिपण लिहिलं, ‘काळा, गोरा आणि गव्हाळ’ अशा अर्थाचा त्याचा मथळा. दोन खान्यांच्या देशात तिसऱ्या माणसाला बसायला जागा नाही, हा त्यातला सवाल. ती रडली नाही, आपला खाना शोधायला निघाली.

त्याआधी एक रात्र आली, ती नीट वाचा. ४ एप्रिल १९६८. मेम्फिसला किंगला गोळी घातली. बेतिता तेव्हा न्यूयॉर्कच्या एका स्त्रीमुक्ती गटात होती. त्या रात्री गटाची बैठक होती. बैठक ठरल्याप्रमाणे झाली, विषयपत्रिकेवरचे विषय झाले, आणि किंगच्या खुनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एवढा देश पेटलेला, न् ह्या गोऱ्या बायांना त्याची झळ नाही. बेतितानं तो गट सोडला.

आता आपले ‘नंतर’वाले खूष होतील. ‘बघा, आम्ही काय म्हणत होतो! स्त्रीमुक्ती हे गोऱ्यांचं फॅड, आपल्याकडे बामणांचं.’ हळू. पुढचं ऐका. ती गोऱ्या बायांच्या बैठकीतून बाहेर पडली, बाईपणाच्या प्रश्नातून बाहेर पडली नाही. तो प्रश्न ती बरोबर घेऊन गेली, आणि आपल्याच पुरुषांच्या दारात नेऊन ठेवला.

न्यू मेक्सिकोत रेयेस लोपेस तिहेरीना ह्या पुढाऱ्याच्या संघटनेनं गेलेल्या जमिनी परत मागायला सुरुवात केली होती. ५ जून १९६७ ला तिएरा अमारिया गावच्या कोर्टावर हत्यारबंद माणसं चालून गेली. सरकारी वकिलाला पकडायचं होतं, तो सापडला नाही. सरकारनं रणगाडे न् सैनिक पाठवले. १९६८ मध्ये बेतिता ह्या मुलखात आली आणि बेव्हर्ली ॲक्सलरॉड ह्या वकीलबाईबरोबर तिनं एस्पान्योला ह्या लहान गावातून पेपर काढला, ‘एल ग्रितो देल नोर्ते’. उत्तरेची आरोळी. १९७३ पर्यंत चालवला. काम करणाऱ्या बहुतेक बाया. जमिनीचे खटले, पोलिसांची दांडगाई, गावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, आणि त्याच पानांत क्युबा, त्याच पानांत व्हिएतनाम. १९७० साली ती स्वतः उत्तर व्हिएतनामला जाऊन आली. कारण हिच्याच लोकांची पोरं गणवेश घालून तिकडं पाठवली जात होती, दुसऱ्या शेतकऱ्याची जमीन जाळायला. जमीन गेलेल्यानं जमीन असलेल्याला मारायचं! ही गोम तिनं खेड्यातल्या वाचकाला त्याच्या भाषेत सांगितली.

ह्याच पेपरात एन्रिकेता व्हास्केस लिहायची. मार्च १९६९ मध्ये डेन्व्हरला चिकानो तरुणांची मोठी परिषद झाली. बायकांचा वेगळा गट बसला, बोलला, आणि शेवटी व्यासपीठावर त्या गटाचा निष्कर्ष काय सांगितला गेला? चिकाना बाईला मुक्ती नको आहे! एन्रिकेतानं तो प्रसंग लिहून ठेवला, म्हणून आज मला कळतो. विचार करा. मुक्तीच्या परिषदेत, मुक्तीच्या घोषणा देऊन घसा बसलेल्या हजारो पोरांसमोर, अर्ध्या लोकांच्या वतीनं सांगावं लागतं की आम्हाला नको बाबा. का? तर घर फुटू नये. ‘गोऱ्यांची चमची’ हा शिक्का बसू नये.

आणि जिला मुक्ती हवी होती तिचं काय झालं? कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या कॉलेजात ॲना निएतो-गोमेस चिकानो विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष म्हणून निवडून आली, तर आपल्याच पोरांनी तिचा पुतळा फासावर लटकवला, लुटुपुटीची प्रेतयात्रा काढली. गोऱ्यांनी नाही हां. पोलिसांनी नाही. संघटनेतल्या भावांनी. तिनं न् तिच्या मैत्रिणींनी १९७१ साली स्वतःचा पेपर काढला, ‘इहास दे क्वाउतेमोक’. त्याच वर्षी मे महिन्यात ह्यूस्टनला चिकाना बायांची देशभरची परिषद झाली, सहाशेच्या आसपास बाया जमल्या. दोन वर्षांपूर्वी ‘नको’ म्हणणारा घसा मोकळा झाला होता.

बेतितानं ह्या रोगाला नाव दिलं. मेक्सिकन बोलीत ‘चिंगोन’ म्हणजे आपल्याकडचा दादा, भाई, सगळ्यांच्या वरचढ. चळवळ म्हणजे दादागिरीची उतरंड, वर एक चिंगोन, त्याच्याखाली छोटे चिंगोन, सगळ्यात खाली पत्रकं टाईप करणाऱ्या न् स्वयंपाक करणाऱ्या बाया. १९८९ साली सॅन अँटोनियोत जुन्या कार्यकर्त्यांचा मेळावा भरला. वीस वर्षांनी गळाभेटी, जुनी गाणी. बेतितानं त्यावर लेख लिहिला: चिंगोनगिरी लवकर मरत नाही. वीस वर्षांनीसुद्धा माईक त्यांच्याच हातात. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. तिला कुणाची मेहेरबानी नको होती.

मागे एका अभ्यासवर्गात मी विचारलं की आपल्या अंकात बायांनी लिहिलेली पानं किती? उत्तर मिळालं, ‘ताई, हा विषय महत्त्वाचा आहे, नंतर घेऊ.’ मग चहा आला. चहा आम्हीच केला होता. त्यापुढं दोन तास अमेरिकन साम्राज्यवादावर चर्चा झाली. कुणाचं नाव घेत नाही, कारण सवाल एका माणसाचा नाही. ‘नंतर’ ही तारीख कुठल्याच कॅलेंडरात नाही. सवर्ण आपल्याला हेच सांगत आला: आधी स्वराज्य, जातीचं नंतर. आपण त्याला काय म्हटलं होतं? मग तेच वाक्य घरात आणून बायकोपोरींना ऐकवताना जीभ कशी अडखळत नाही?

आता माझ्याच पक्षातल्या बायांनाही थोडं. बाई वर बसवली की झालं, असं समजू नका. १९७६ नंतर बेतिता सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला आली न् डेमोक्रॅटिक वर्कर्स पार्टी ह्या कडक लेनिनवादी पक्षात गेली. बायकांनी उभारलेला न् बायकांच्या नेतृत्वाचा पक्ष. पण वर एकच बाई, आणि तिचा शब्द म्हणजे कायदा. कार्यकर्त्यांची झोप, पैसा, घरदार सगळं पक्षाच्या ताब्यात. १९८० च्या दशकाच्या मध्यात सभासदांनीच नेत्या बाईला काढलं न् पक्ष मोडला. चिंगोनला साडी नेसवली तरी तो चिंगोनच राहतो. १९८२ मध्ये बेतिता पीस अँड फ्रीडम पार्टीतर्फे कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभी राहिली. हरली. ह्या हरण्यानं ती घरी बसली नाही, हे आपल्या कामाचं.

आता दुसरं दुखणं. १९९२ च्या एप्रिलअखेर लॉस एंजेलिस पेटलं. काळ्या माणसाला बेदम मारणारे पोलीस कोर्टातून सुटले, न् आग लागली. पन्नासहून जास्त माणसं मेली, कोरियन लोकांची दुकानं जळली, काळे, लॅटिनो न् कोरियन एकमेकांवर उठले. गोऱ्यांच्या वस्त्या शाबूत. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात बिनकागदाच्या परदेशी लोकांच्या शाळा न् दवाखाने तोडणारा कायदा मतदानानं पास झाला, पुढे तो कोर्टानं अडवला. ह्या दोन्हींच्या मध्ये, मे १९९३ मध्ये, अँजेला डेव्हिस न् बेतिता एका जाहीर चर्चेला बसल्या. विषय, रंगीत लोकांची एकजूट. तिथं बेतितानं एक शब्द वापरला तो आज जगभर फिरतोय: जुलमाची ऑलिंपिक. गुलामी कुणाची जुनी, प्रेतं कुणाची जास्त, जमीन कुणाची मोठी गेली. धावा, न् सोन्याचं पदक घ्या. तिचं म्हणणं, ही शर्यत लावायचीच नाही.

ह्याचा अर्थ सगळ्यांचं दुःख सारखं, असा बावळट घेऊ नका. गुलामाच्या बाजारात विकलेल्याचा इतिहास वेगळा, तहात फसवलेल्याचा वेगळा, ज्याचा मुलूखच नाहीसा केला त्या आदिवासीचा वेगळा. बेतिता इतिहासाची बाई होती, हे फरक तिला तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त माहीत होते. फरक सांगायचा तो एकमेकांना कळावं म्हणून. पदक मागायला सांगितलं की समोरचा हिशेब करतो, माझं प्रेत तुझ्यापेक्षा लहान का? आणि मैदान ज्याच्या मालकीचं, तो वर गॅलरीत बसून शेंगा खातो.

नुसतं बोलली नाही. १९९७ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर तिनं सॅन फ्रान्सिस्कोत इन्स्टिट्यूट फॉर मल्टिरेशियल जस्टिस काढली: काळे, लॅटिनो, आशियाई, मूळ रहिवासी ह्यांनी एकत्र बसावं, एकमेकांचा इतिहास शिकावा. १९९९ च्या अखेरीस सिॲटलला जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर आले, डावे सगळे हरखून गेले. ही म्हातारी मोजायला बसली. जमावात अमेरिकेतले रंगीत लोक सुमारे ५ टक्के, असा तिचा अंदाज. का? रजा मिळत नाही, प्रवासाला पैसा नाही, पोलिसाची काठी आधी आपल्याच पाठीवर पडते हे ठाऊक, आणि बोलवायला तरी कोण आलं होतं? सिॲटलमध्ये रंग कुठे होता, असा सवाल तिनं लेखाच्या मथळ्यालाच टाकला. विजयाच्या मिरवणुकीत असला सवाल विचारायला छाती लागते.

आता तिची पुस्तकं. शाळेच्या इतिहासात आपली माणसं नाहीत, मग तिनं चित्रांचं पुस्तक केलं. १९७६ साली ‘चिकानोंचा ४५० वर्षांचा इतिहास’, इंग्रजी न् स्पॅनिश दोन्ही भाषांत, वाचता न येणाऱ्या आजीलाही उलगडेल असं. १९९१ मध्ये ते वाढवून पाचशे वर्षांचं केलं. आणि २००८ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, चिकाना बायांच्या पाचशे वर्षांचं वेगळं पुस्तक काढलं. पहिल्या पुस्तकांत बाया कमी पडल्या असतील तर ही घ्या!

ह्या चित्रांच्या पुस्तकाला कोण भ्यालं बघा. ॲरिझोना राज्यानं २०१० मध्ये कायदा करून टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम मोडीत काढला. जानेवारी २०१२ मध्ये सात पुस्तकं वर्गांतून उचलून खोक्यांत भरली. त्यात बेतिताचं ‘पाचशे वर्षं’ होतं, शेजारी पाउलो फ्रेइरेचं शोषितांच्या शिक्षणावरचं पुस्तक. ऑगस्ट २०१७ मध्ये कोर्टानं निकाल दिला की ह्या बंदीमागं वंशद्वेष होता. म्हणजे तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या ह्या बाईची चित्रं सरकारला रणगाड्याइतकी खुपत होती.

तिचा वारसा म्हणून मी काय घेते? तिच्या नावाचा चौक नको. तिच्या दोन सवयी हव्यात. जिथं आपण बसलोय त्या बैठकीत कोण गप्प आहे, हे बघायची सवय. आणि शेजारच्या दुःखाची उंची आपल्या फूटपट्टीनं न मोजायची सवय. गोऱ्या बायांत गेली तेव्हा तिनं काळ्याचं विचारलं, चिकानो पुरुषांत गेली तेव्हा बाईचं विचारलं, डाव्यांच्या जल्लोषात गेली तेव्हा रंगाचं विचारलं. प्रत्येक ठिकाणी नकोशी झाली. तरीही कुठल्याच घराला आग लावून ती निघाली नाही, आपली पत्रकं, आपली टाचणं घेऊन पुन्हा टेबलाशी बसली.

तर ‘नंतर’वाल्यांनो, तुमच्यासाठी कामाची यादी देते. पुढच्या अंकाची निम्मी पानं कोण लिहिणार हे आजच ठरवा. निवडणार कोण, हेही ठरवा, कारण लिहायला बाया न् कापायला तुम्ही असलं चालणार नाही. भटक्याविमुक्तांतली, आदिवासींतली, मुसलमानांतली पोरगी बैठकीत आली तर तिला आधी आपल्या जखमा दाखवत बसू नका, तिचं ऐका. आणि चहा कुणी करायचा, ह्याची पाळी भिंतीवर लिहून लावा. पँथरच्या त्या पोस्टरच्या शेजारी जागा आहे. उद्यापासून तिथं ती पाळी दिसली पाहिजे, आणि तिच्यात पहिलं नाव एखाद्या भावाचं पाहिजे.